कारेमा: वीस युरोच्या आसपास मिळणारी नेब्बिओलो आणि दगडी खांबांवरचे मांडव

दोराकाठी

नमस्कार मंडळी. इटालियन रेड वाईनबद्दल इथे बरेचदा विचारणा होते आणि उत्तरं ठरलेली असतात, कियान्ती घ्या, बारोलो घ्या, परवडत असेल तर आमारोने घ्या. मी इटलीत तोरिनोत नऊ वर्षं राहतेय, मूळची तासगावची, द्राक्षाच्या घरातली. इतकी वर्षं मीही त्याच मोठ्या नावांमागे होते. गेल्या ऑक्टोबरात जी सापडली, कारेमा गावची, नेब्बिओलो द्राक्षाची रेड, तिच्याबद्दल कधीचं लिहायचं होतं, आज वेळ मिळाला.

झालं असं की आम्ही शनिवारी बार्दचा किल्ला बघायला गेलो होतो. आओस्ता खोऱ्याच्या तोंडाशी आहे तो, १८०० साली नेपोलियनची फौज दोन आठवडे ज्याने अडवून धरली तोच. येताना मोटरवे न घेता जुन्या रस्त्याने निघालो. पाँ-साँ-मार्तां गाव मागे पडलं, तिथला रोमन पूल लेकाला दाखवून झाला, आणि पुढच्याच वळणावर डाव्या हाताला डोंगर दिसला तो असा की मी नवऱ्याला म्हटलं गाडी थांबव. पूर्ण डोंगराला पायऱ्या पायऱ्या, दगडी बांधांच्या, आणि प्रत्येक पायरीवर पांढरट गोल खांब. देवळाचा मंडप पडून नुसते खांब राहावेत तसे. त्यांच्यावर लाकडी वासे आणि वाशांवर द्राक्षाचा वेल. मांडव! आपल्याकडे असतो तसाच मांडव, फक्त अँगल आणि तारांच्या जागी दगड आणि लाकूड.

गावाचं नाव कारेमा. पिएमोंते प्रांताचं शेवटचं गाव, त्यापुढे आओस्ता सुरू. खालून दोरा बाल्तेआ नदी वाहते. वर चढत गेलो तर तोडणी चालू होती. एक आजोबा मांडवाखाली हात वर करून घड काढत होते, मी विचारलं की खांब एवढे जाड कशासाठी, तर त्यांनी माझा हात धरून खांबावर ठेवला. संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते, ऊन डोंगराआड जाऊन तास होऊन गेला असेल, हवेत चांगला गारठा होता, आणि खांब कोमट. दिवसभर ऊन पितो आणि रात्री वेलाला परत देतो, असं ते म्हणाले. नेब्बिओलो द्राक्ष पिकायला फार उशीर लावतं, डोंगरातल्या थंडीत ते पुरं पिकावं म्हणून ही सगळी खटपट. खांबाला तिथे पिलून म्हणतात, मांडवाला तोपिया. खांबांवर निळसर हिरवे डाग होते ते मी लगेच ओळखले, मोरचूद आणि चुना. बोर्डो मिश्रण, वेलावर बुरशीसाठी फवारतात ते. आमच्या घरच्या हौदाला अजून तोच रंग आहे.

आता मुद्द्याची वाईन. या गावात शेतकऱ्यांची सोसायटी आहे, कांतीना देई प्रोदुत्तोरी नेब्बिओलो दी कारेमा, १९६० सालची. सभासदांच्या बागा म्हणजे आपल्या भाषेत गुंठ्यात मोजाव्या अशा, एकेकाला स्वतःची वाईनरी काढणं शक्यच नाही. सगळे द्राक्ष सोसायटीत आणून घालतात आणि सोसायटी मुख्यतः दोन रेड करते. काळ्या लेबलची क्लास्सिको आणि पांढऱ्या लेबलची रिसेर्वा. नियमाप्रमाणे कारेमा निदान दोन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं एक वर्ष लाकडात, रिसेर्वा तीन वर्षं. मी काळ्या लेबलच्या तीन आणि पांढऱ्याच्या दोन घेतल्या. काळी वीस युरोच्या आत-बाहेर, पांढरी त्याहून पाच-सहा युरो वर. याच द्राक्षाच्या नावाजलेल्या बारोलोला इथेच पन्नास-साठ युरो सहज पडतात, आणि ती बाटली आणखी दहा वर्षं थांबा म्हणून सांगतात.

रंग बघून पहिल्यांदा वाटतं पातळ आहे, ग्लासातून पलीकडची बोटं दिसतात. वास मात्र घर भरून टाकतो. सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या, आंबट चेरी, थोडं डांबर, पाऊस पडून गेल्यावर दगडाला येतो तो वास. तोंडात टॅनिन आहे, म्हणजे द्राक्षाच्या सालीचा तुरटपणा, चांगलं आहे, पण बारोलोसारखं हिरड्या आवळणारं नाही, आंबटपणा सरळ आणि स्वच्छ. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी बाटली पहिल्या दिवसापेक्षा छान लागली. एवढ्या पैशात एवढं देणारी वाईन मला नऊ वर्षांत मिळाली नव्हती, म्हणून हा धागा.

सोनचाफा

किती सुंदर लिहिलंयस गं, खांबाचं वाचून तर मी थांबलेच. एक विचारू का, एकाच द्राक्षाची, एकाच राज्यातली वाईन, तर मग किमतीत एवढा फरक कशाचा? स्वस्त आहे म्हणजे कुठेतरी कमी असणारच ना? की नुसतं नाव नाही म्हणून?

दोराकाठी

@सोनचाफा, चांगला प्रश्न आहे. थोडं नावाचं, थोडं चवीचं.

नावाचं असं की बारोलो आणि त्याच द्राक्षाची तिची शेजारीण बार्बारेस्को म्हटलं की अमेरिकेपासून जपानपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, त्यामुळे तिथल्या जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेलेत आणि ते बाटलीतच वसूल होतात. कारेमाची अख्खी लागवड वीसेक हेक्टर, म्हणजे पन्नासेक एकर. आमच्या तासगाव भागात दोन-तीन मोठे बागाईतदार मिळून एवढी द्राक्षं लावतील. एवढ्याशा मालाची जाहिरात कोण करणार, आणि केली तरी द्यायला माल कुठाय. कारेमाला डीओसी, म्हणजे वाईनला त्या भागाचं नाव लावायचा सरकारी दर्जा, मिळाला १९६७ साली, इटलीत डीओसीचा कायदाच १९६३ चा, म्हणजे पहिल्या खेपेतलं नाव आहे हे. जुनं आहे, मानाचं आहे, फक्त छोटं आहे.

चवीचं म्हणशील तर ही डोंगरातली नेब्बिओलो आहे, अंगाने सडपातळ. ज्याला भरभक्कम, काळी, गोडसर रेड आवडते त्याला ही कमी वाटेल हे मी मान्य करते. थंड वर्षाची बाटली जरा जास्त आंबट असते. पण कमी दर्जा आणि वेगळा बांधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला तर रोजच्या जेवणाशी हा बांधाच जास्त जमतो.

आणि खरं सांगू का, एवढ्या कष्टाला हा भाव कमीच आहे. तिथे ट्रॅक्टर जात नाही, सगळं पाठीवर. बांध ढासळला की दगड हातानेच रचायचा, पावसाने माती खाली आली की तीच माती परत वर न्यायची.

मांडवाखाली

ताई, निफाड तालुक्यातनं लिहितोय, साडेचार एकर थॉमसन द्राक्ष आहे. मी वाईन फारशी पीत नाही पण तुमचा मांडवाचा भाग दोनदा वाचला आणि घरात वडलांनाही वाचून दाखवला. आमच्याकडं आता नवीन लागवड बहुतेक इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर असते, मांडव जुन्या बागांना राहिलाय. मांडवाचा फायदा असा की आमच्या उन्हात घड सावलीत राहतो, चट्टा पडत नाही. तिकडं तर थंडी आणि ऊन कमी, मग मांडव कशाला? त्यांना तर उलटं घडावर ऊन पाहिजे असेल. आणि एकरी किती टन निघतो ते पण सांगा. आम्ही एकरी दहा-बारा टन काढतो, विरळणी करून, जीए (मणी फुगवायचं संजीवक) देऊन, तेव्हा कुठं एक्सपोर्टचा मणी होतो.

दोराकाठी

दादा, तुम्ही इथे आलात फार बरं वाटलं. हाच प्रश्न मी त्या आजोबांना विचारला होता. एकतर वारा. खोऱ्यातून वारा सतत वाहतो, आणि मांडव त्या बाजूने मोकळा ठेवून वेल पसरवला की सगळं पान उन्हाला सामोरं येतं. दुसरं म्हणजे जागा. पायरी जेमतेम चार-पाच पावलं रुंद असते, वेल पायरीच्या कडेला लावायचा आणि मांडव पुढे काढायचा म्हणजे खालच्या मोकळ्या जमिनीत पूर्वी भाजी, कडधान्य करता यायचं. जमीन इतकी थोडी होती की एका पायरीवर दोन पिकं काढल्याशिवाय घर चालत नव्हतं. आणि तिसरं तेच, खांब आणि बांध दोन्ही दगडाचे, त्यांची ऊब वरच्या पानाखाली धरून राहते.

टनाचं विचाराल तर वाईनचं गणितच उलटं आहे. बारोलोच्या नियमात हेक्टरी आठ टन ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे एकरी सव्वातीन टन, त्याच्या वर काढलं तर ते नाव लावता येत नाही. मणी छोटा पाहिजे, साल जाड पाहिजे, कारण रंग, वास आणि टॅनिन मुख्यतः सालीत असतं. आपण जीए देऊन मणी फुगवतो तो खायच्या द्राक्षाला बरोबर आहे, वाईनला त्याने पाणीच वाढेल. माझ्या चुलत्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना की कमी माल काढायचे पण नियम असतात.

टेम्सपार

मस्त धागा. लंडनमध्ये कारेमा मिळते पण इटलीच्या जवळजवळ दुप्पट भावात. तरी इथल्या बारोलोच्या मानाने स्वस्तच.

याच पठडीतली दोन नावं मीही सांगतो. वाल्तेल्लीना, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून, तिथे नेब्बिओलोला कियावेन्नास्का म्हणतात आणि तिथेही असेच दगडी बांध आहेत, चढ तर कारेमापेक्षाही अंगावर येतो. तिथली साधी रोस्सो दी वाल्तेल्लीना घ्यावी, हलकी असते, लवकर पिता येते. आणि पिएमोंतेच्या वरच्या अंगाला गात्तिनारा, गेम्मे, बोका ही गावं, तिथे नेब्बिओलो झाली स्पान्ना. नावं बदलतात म्हणून माणूस गोंधळतो, द्राक्ष तेच. कारेमातही जुनी माणसं पिकोतेन्द्रो म्हणतात ना?

आणखी एक, ज्यांना पहिल्यांदाच इटालियन रेड घ्यायची आहे त्यांनी मोन्तेपुल्चानोचा घोळ समजून घ्यावा. मोन्तेपुल्चानो द'आब्रुत्सो मध्ये मोन्तेपुल्चानो हे द्राक्षाचं नाव आहे, वाईन आब्रुत्सोची. आणि वीनो नोबिले दी मोन्तेपुल्चानो मध्ये ते तोस्कानातल्या गावाचं नाव आहे, द्राक्ष सांजोवेझे. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मी दोन वर्षं एक समजून दुसरी पीत होतो आणि लोकांना शिफारसही करत होतो.

दोराकाठी

हो, पिकोतेन्द्रो म्हणतात, बरोबर. आणि स्पान्नाबद्दल अगदी सहमत, गात्तिनारा मला फार आवडते, तिच्यात एक लोखंडी, खनिज चव असते. गात्तिनाराला १९९० पासून डीओसीजी, म्हणजे डीओसीच्या वरचा दर्जा, आहे, त्यामुळे तीही आता हळूहळू महाग होत चाललीये, घ्यायची तर आत्ताच घ्यावी.

वडाळा_पश्चिम

मुंबईत कुठे मिळेल हे कोणी सांगेल का? मी हल्लीच एका दुकानातून बारोलो घेतली होती, साडेसात हजार मोजले, वाढदिवसासाठी. घरी येऊन उघडली तर कॉर्क अर्धा सेंटीमीटर वर आलेला, कॉर्कच्या बाजूला चिकट लाल ओघळ, आणि चव मनुक्याचा काढा करून ठेवल्यासारखी. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला जुनी वाईन अशीच लागते. ती बाटली शोकेसमध्ये उभी होती, वर पिवळा दिवा, दुपारचं ऊन काचेतून. मला आता कळलं की ती शिजलेली होती. एवढे पैसे गेले त्यापेक्षा बायकोचा वाढदिवस तसा गेला त्याचं जास्त वाईट वाटलं.

दोराकाठी

अरे वाईट झालं. हो, ती शिजलेलीच. वर आलेला कॉर्क आणि ओघळ म्हणजे बाटली तापलीये, आतली वाईन फुगून बाहेर ढकलली गेलीये, अशी बाटली घ्यायचीच नाही, कितीही मोठं नाव असो. दुकानात एसी रात्रीही चालू असतो का हे सरळ विचारावं, आणि शोकेसमधली न घेता आतली, आडवी ठेवलेली मागावी. कॉर्क ओला राहायला बाटली आडवी लागते.

कारेमा मुंबईत मी तरी पाहिली नाही. आयात वाईनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के शुल्क, त्यावर राज्याचा कर, आयातदाराचा आणि दुकानाचा हिस्सा, एवढं करून वीस युरोची बाटली तिथे चार-पाच हजारांच्या घरात जाईल, आणि ज्या नावाला गिऱ्हाईक नाही ते एवढे पैसे अडकवून आणणार कोण. सोपा मार्ग म्हणजे इकडून येणाऱ्या कुणाला तरी सांगणं. माणशी दोन लिटर बिनशुल्क आणता येतात, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आरामात. चेक-इन बॅगेत, आधी मोज्यात, मग जाड टॉवेलात, कपड्यांच्या मधोमध. मी दरवर्षी नेते, आजवर एकही फुटली नाही. आल्यावर निदान दोन आठवडे हलवू नका, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा, प्यायच्या दिवशी तास-दीड तास आधी बाहेर काढा आणि तेव्हाच कॉर्कही उघडून ठेवा. रेड वाईन रूम टेंपरेचरला प्यायची म्हणतात ती रूम युरोपातली, सोळा-सतरा डिग्रीची. मुंबईतली बत्तीस डिग्रीची नव्हे.

आल्तिन्यो

पणजीहून. आमच्या घरी रेड वाईन म्हणजे पोर्ट, गोड, नाताळाला केकासोबत, माझी आजी अजून तीच मागते. मी तिशीत पहिल्यांदा कोरडी रेड प्यालो तेव्हा तोंड वाकडं झालं होतं, आता गोड चालत नाही.

ताई जेवणाचं सांगा. इथे रोजचं जेवण म्हणजे मासे. नेब्बिओलो आणि बांगड्याचं तिखलं एकदा करून बघितलं, तोंडात पत्र्याची चव आली, दोन्ही वाया.

दोराकाठी

मासे आणि टॅनिन यांचं जमत नाही, विशेषतः बांगडा-तारल्यासारखे तेलकट मासे. ती पत्र्याची चव मात्र मुख्यतः वाईनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आल्याने येते. माशाला व्हाइट वाईनच. आणि मिरचीचा तिखटपणाही टॅनिनने वाढतो, तोंड जास्त भाजतं, म्हणून झणझणीत रश्श्यासोबत ही वाईन उघडून दोघांचंही नुकसान होतं. टॅनिनला चरबी पाहिजे, प्रथिनं पाहिजेत, त्यांना जाऊन ते चिकटतं आणि मग तोंड मऊ होतं. कारेमाच्या आसपास फोन्तीना चीज घातलेली पोलेन्ता, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, खातात, गोमांसाचं वाईनमध्ये तासन् तास शिजवलेलं कालवण खातात. आमच्या घरी मी आळणी मटण करते, आलं लसूण मिरी आणि तूप, मिरची नाही, त्याच्यासोबत ही वाईन काय लागते ते शब्दात सांगता येणार नाही. तुमच्याकडे चोरीस आहे, गोव्याचं सॉसेज, चरबी भरपूर आणि व्हिनेगरची आंबट चव, पण तिखट फार नको, बटाटा घालून सौम्य करा.

आल्तिन्यो

आणि पावसाळ्यात अळमी मिळते, वारुळावरची. मातीचा वास असतो तिला. तिचं शाकुती न करता नुसतं कांद्यावर परतलं तर?

दोराकाठी

अळमी!! हे तर मला सुचलंच नव्हतं. नेब्बिओलो आणि अळंबी ही पिएमोंतेची जुनी जोडी आहे, इथे ऑक्टोबरात पोर्चीनी आणि पांढरी त्रुफल येते आणि प्रत्येक टेबलावर नेब्बिओलो असते. तुम्ही करून बघाच आणि इथे लिहा. शाकाहारी मंडळींनाही हेच सांगेन, अळंबी, अख्खा मसूर तुपाची फोडणी देऊन, किंवा जून झालेलं चीज.

खलबत्ता

धागा वाचतोय. आमारोनेचा उल्लेख आला म्हणून विचारतो, ती एवढी महाग का? तिची स्वस्त बहीण कुठली?

दोराकाठी

आमारोने म्हणजे तासगावच्या माणसाला एका वाक्यात समजते, ती बेदाण्याच्या वाटेवरच्या द्राक्षाची वाईन आहे. वेरोना जवळ वाल्पोलिचेल्लामध्ये घड तोडून माचांवर तीन-चार महिने सुकवतात, वजन बरंच उतरतं, साखर दाटते, मग त्याची वाईन करतात. आम्ही शेडवर जाळीवर टाकतो, डिपिंग ऑइलमध्ये बुडवून, पंधरा दिवसात बेदाणा. ते लोक बेदाण्यापर्यंत जाऊ देत नाहीत, मधेच थांबतात. एका बाटलीला इतकी द्राक्षं लागतात, म्हणून तो भाव. स्वस्तात तिच्या जवळ जायचं तर वाल्पोलिचेल्ला रिपास्सो घ्या. आमारोनेचा उरलेला चोथा असतो त्यावर साधी वाल्पोलिचेल्ला पुन्हा आंबवतात, त्यातून थोडा तो दाटपणा उतरतो. दक्षिणेची कुणाला हवी असेल तर आल्यानिको देल वुल्तुरे, बाझिलिकातातल्या थंड झालेल्या ज्वालामुखीच्या उतारावरची. तिला लोक दक्षिणेची बारोलो म्हणतात, आणि पंधरा युरोत चांगली मिळते.

सोलापूरची_चादर

तुम्ही सगळे इटलीला निघालात पण इटालियन द्राक्ष आपल्या जिल्ह्यातही आहे. अकलूजला फ्रातेल्लीच्या बागेत सांजोवेझे लावलीये, कियान्तीचं मुख्य द्राक्ष. इटालियन भाऊ आणि मोहिते पाटील भाऊ आणि दिल्लीकडचे भाऊ असे तीन घरचे भाऊ एकत्र आले म्हणून नाव फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. आयात शुल्क नाही, ताजी मिळते, शिजलेली नसते. मी तिकडून येताना आणतो. पहिल्यांदा पिणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

दोराकाठी

शंभर टक्के पटलं. गावी आले की मीही घेते. आपल्याकडे वेल वर्षभर हिरवा राहतो, थंडीत झोपतच नाही, म्हणून एप्रिलात खरड आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी करून त्याला सांगावं लागतं की आता फळ धर. आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. कारेमाच्या आजोबांना हे सांगितलं तर ते कितीतरी वेळ विचार करत बसले. वर्षातून दोनदा छाटायचं, त्यांनी पुन्हा विचारलं, दोनदा?

मांडवाखाली

ताई मला त्या सोसायटीचं अजून ऐकायचंय. आमच्याकडं सहकार म्हटलं की साखर आणि दूध. प्रवरानगरला १९५० साली कारखाना उभा राहिला तेव्हा तो पण छोट्या शेतकऱ्यांचाच होता. द्राक्षात १९९१ ला महाग्रेप्स झालं एक्सपोर्टसाठी. पण आमच्यासारख्याची अडचण ही की माल काढायचा आम्ही आणि दर ठरवायचा शिवारात गाडी घेऊन आलेल्या व्यापाऱ्यानं. मागच्या साली एक व्यापारी दोन लाखाचा माल नेऊन परत फिरकला नाही, फोन बंद. वडील दोन महिने कुणाशी धड बोलले नाहीत.

दोराकाठी

दादा, वाचून पोटात तुटलं. आमच्या घरीही हे होऊन गेलंय, आजोबांच्या वेळी, त्या वर्षी बागेचा एक तुकडा विकावा लागला.

म्हणूनच मला त्या सोसायटीचं एवढं वाटलं. तिथेही पूर्वी द्राक्ष विकायचं तर व्यापारीच यायचा. खालच्या इव्रेआ शहरात ओलिवेत्ती हा टाइपरायटरचा मोठा कारखाना होता, १९०८ सालचा, आसपासच्या गावातली माणसं तिथे कामाला लागली आणि बागा कामावरून आल्यावर, रविवारी, सुट्टीत सांभाळायला लागली. अशा वेळी बाग टाकून देणं सोपं असतं, आणि बऱ्याच जणांनी टाकलीच, वरच्या बाजूला आज मोकळे खांब उभे आहेत आणि मधून जंगल आलंय. पण ज्याच्याकडे दहा गुंठे आहेत त्याला आपली द्राक्षं घालायला हक्काची जागा होती म्हणून तरी उरलेल्या राहिल्या. बाटलीवर गावाचं नाव असतं, एका घराण्याचं नाही. दहा गुंठ्याचा माल आणि दोन एकराचा माल एकाच लाकडी पिंपात जातो.

पिएमोंतेत हे नवीन नाही. बार्बारेस्कोमध्ये १८९४ सालीच दोमित्सिओ कावाझ्झा नावाच्या, द्राक्ष-वाईनच्या शाळेच्या प्रमुखाने शेतकऱ्यांची सोसायटी काढली होती. पुढे ती बंद पडली, आणि १९५८ साली गावच्या पाद्रीने एकोणीस छोट्या शेतकऱ्यांना घेऊन पुन्हा उभी केली. ती आज प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्को म्हणून जगभर जाते, आणि अजूनही त्या दर्जाच्या वाईनच्या मानाने तिचा भाव रास्त असतो. ज्यांना कारेमा मिळणार नाही त्यांनी ती शोधा, ती बऱ्याच देशांत मिळते.

टेम्सपार

+१. तिची लांगे नेब्बिओलो पण घ्या, धाकटी आहे, अजून स्वस्त.

मांडवाखाली

धागा चार महिन्यांनी वर काढतोय, माफ करा.

ताईंच्या ओळखीचं कुणीतरी पुण्याला येणार होतं, त्यांच्याकडून त्यांनी काळ्या लेबलची एक बाटली माझ्यासाठी पाठवली. पैसे घेत नव्हत्या, मी बेदाण्याचे दोन किलो पाठवले, तासगावच्या माणसाला निफाडचा बेदाणा. बाटली पंधरा दिवस भाजीच्या कप्प्यात ठेवली. आई रोज विचारायची ही कधी निघायची, कोथिंबीर ठेवायला जागा नाही.

काल संध्याकाळी गोडी छाटणीचं काम उरकलं आणि उघडली. घरात वाईनचे ग्लास नाहीत, स्टीलचे नको म्हणून शेजारून काचेचे आणले. मटण ताई म्हणाल्या तसं आळणी केलं होतं. वडलांनी आयुष्यात वाईन प्यालेली नाही, चाळीस वर्षं द्राक्षं केली पण वाईन नाही. त्यांनी आधी ग्लास दिव्यासमोर धरला, म्हणाले रंग धरला नाही, पाणी जास्त झालं असेल त्या साली. मग वास घेतला, परत घेतला. मग एक घोट तोंडात धरून बसले, आम्ही मणी फोडून साल चावून बघतो ना काढणीच्या आधी, तसं तोंड करून. म्हणाले, साल पिकलीय चांगली. बी पण पिकलेलं आहे. घाईत तोडलेला माल नाही हा.

दुसरा घोट त्यांनी मटणासोबत घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं आवडली नाही. मग विचारलं, ते खांब किती फुटाचे असतील, आणि दोन खांबांत अंतर किती सोडतात. ताई, तेवढं सांगा. त्यांना जुन्या बागेच्या कडेला एक उभा करून बघायचाय, दगड आमच्याकडं विहिरीचा निघालेला पडलाय.

दोराकाठी

दादा, या रविवारी जाते आणि टेप लावून मोजून आणते. फोटोही काढते, पायापासून वरपर्यंत. वडलांना नमस्कार सांगा.